निनावी लेखन आणि आघातातून सावरणे : संगणकीय आधाराच्या प्रारंभकाळाचा एक अभ्यास

१. विषयाची व्याप्ती

लैंगिक अत्याचारानंतर व्यक्ती कशी सावरते, हा प्रश्न सामान्यतः वैद्यक, मानसशास्त्र आणि कायदा या तीन शास्त्रांच्या स्वाधीन केला जातो. साहित्याच्या अभ्यासकाचे तेथे काही काम नाही, असा समज त्यामागे असतो. परंतु सावरण्याच्या या प्रक्रियेत जे प्रत्यक्ष घडते ते पाहिले, तर हा समज टिकत नाही. झालेले सांगणे, कोणाला सांगणे, कोणत्या नावाने सांगणे, कोणत्या काळात आणि कोणत्या पुरुषात सांगणे, ऐकणाऱ्याने त्यावर काय म्हणणे, या सर्व गोष्टी निवेदनाच्या आहेत. आणि निवेदन हा साहित्याभ्यासाचा गाभ्याचा विषय होय.

संगणकाच्या साहाय्याने असा आधार देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू झाले. त्या वेळी संगणकाच्या पडद्यावर आवाज वा चेहरा येत नसे. येत असे तो केवळ मजकूर. त्यामुळे हा आधार आरंभीच्या काळात अपरिहार्यपणे लिखित राहिला. त्याचे संकेत, त्याची टोपणनावे, त्याचे वाचकधर्म हे सारे लेखनातून घडले. प्रस्तुत लेखात १९९० नंतरच्या सुमारे पंधरा वर्षांतील या प्रयत्नांचे स्वरूप पाहावयाचे आहे आणि त्यांच्या प्रकाशात मराठीसारख्या भाषेपुढे कोणते प्रश्न उभे राहतात, याचा विचार करावयाचा आहे. हा इतिहास मुख्यतः अमेरिका, फिनलंड आणि नेदरलंड्स या देशांतला आहे. मराठीशी त्याचा संबंध जोडताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

२. पूर्वपीठिका : ऐकणाऱ्याचा शोध

संगणकापूर्वी आधार उभा राहिला तो माणसांच्या बळावर. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९७१ साली आणि वॉशिंग्टन येथे १९७२ साली स्त्रियांनी स्वतःच्या पुढाकाराने बलात्कारितांसाठी आधारकेंद्रे स्थापन केली. दूरध्वनीपाशी बसून ऐकणारी स्वयंसेविका हे त्यांचे मुख्य साधन होते. १९७४ साली ॲन बर्जेस आणि लिंडा होम्स्ट्रॉम यांनी बोस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये आलेल्या ९२ प्रौढ स्त्रियांच्या अभ्यासावरून 'बलात्कारोत्तर आघाताचे लक्षणसमूह' मांडले. त्यांची एक नोंद साहित्याभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. घटनेनंतर काही स्त्रिया रडून, थरथरून भावना व्यक्त करीत; तर काही अगदी शांत, संयत दिसत. ही दुसरी शांतता म्हणजे आघाताचा अभाव नव्हे, तर आघाताचेच एक रूप होय, हे त्यांनी दाखविले. बोलणाऱ्याच्या स्वरावरून तिच्या बोलण्याचा खरेखोटेपणा ठरविण्याची जी सवय पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत रुजलेली होती, तिला या नोंदीने धक्का दिला.

१९८० साली अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेने आपल्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत 'आघातोत्तर तणावविकृती' या निदानाला स्थान दिले. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेले सैनिक आणि लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रिया यांच्या दुःखाला त्यामुळे एकच नाव मिळाले. १९९२ साली ज्युडिथ हर्मन यांचा 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सावरण्याचे तीन टप्पे त्यांनी सांगितले : सुरक्षिततेची प्रस्थापना, स्मरण आणि शोक, व सामान्य जीवनाशी पुन्हा जोडले जाणे. या क्रमाला महत्त्व आहे. निवेदन दुसऱ्या टप्प्यात येते. त्याआधी सुरक्षितता हवी. आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत, सर्व काही सांगावयास लावणे हितकारक नसते, हे पुढील काळातील संशोधनानेही दाखविले. सांगण्यात बरे करण्याची शक्ती आहे हे खरे. परंतु केव्हा सांगावयाचे याचा अधिकार सांगणाऱ्याकडे असला तरच. संगणकीय आधाराचे यशापयश मोजण्याचा निकषही हाच ठरतो.

यंत्राशी बोलण्याची एक घटना या पूर्वपीठिकेत नोंदविली पाहिजे. १९६६ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. टंकलेखित वाक्यातील शब्द उलटवून तो प्रश्न विचारीत असे. त्याला आशय मुळीच कळत नसे. तरीही वायझेनबाम यांच्या चिटणीस बाईंनी त्याच्याशी थोडा वेळ संवाद केल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. वायझेनबाम यांना या गोष्टीची काळजी वाटली आणि १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती बोलून दाखविली. परंतु या प्रसंगाचा दुसराही अर्थ आहे. जो ऐकतो पण पाहत नाही, ज्याला उद्या रस्त्यात तोंड दाखवावे लागणार नाही, अशा श्रोत्याची गरज माणसाला असते. पुढील तीस वर्षांत संगणकाने जो आधार दिला त्याचे मूळ या गरजेत आहे. मात्र तेथे पडद्यापलीकडे यंत्र नव्हते, माणसे होती.

३. पत्रसमूह आणि लेखनसंकेत

'यूजनेट' ही विद्यापीठांच्या संगणकांना जोडणारी पत्रव्यवहाराची व्यवस्था १९७९-८० मध्ये अमेरिकेत सुरू झाली. विषयवार समूहांत कोणीही पत्र लिहावे आणि ते जगभरच्या संगणकांवर वाचले जावे, अशी तिची रचना होती. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत या व्यवस्थेत लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्यांचा 'ऑल्ट.सेक्शुअल.अब्यूज.रिकव्हरी' हा समूह उभा राहिला. अशा गटांची दखल समाजकार्याच्या अभ्यासकांनी लवकरच घेतली. जेरी फिन आणि मेलिसा लॅव्हिट यांचा संगणकाधारित स्वयंसाहाय्य गटांवरील निबंध १९९४ सालचा आहे.

या समूहाचा वाङ्मयीन विशेष त्याच्या लेखनसंकेतांत दिसतो. चित्रपटाचा वा कादंबरीचा शेवट उघड करणाऱ्या पत्रावर आरंभीच इशारा देऊन खाली काही ओळी कोऱ्या सोडण्याची चाल यूजनेटवर आधीपासून होती. सावरणाऱ्यांच्या समूहाने ती उचलली आणि तिचा हेतू पालटला. रहस्य जपण्याऐवजी वाचणाऱ्याची जखम जपणे हा तिचा उपयोग झाला. पत्राच्या माथ्यावर आतील मजकुराचे स्वरूप थोडक्यात सांगावयाचे, मग कोऱ्या ओळी, मग मूळ कथन. वाचावे की न वाचावे याचा निर्णय करण्यास वाचकाला तेवढा अवकाश मिळे. पुढे विद्यापीठांतून बरेच वादग्रस्त झालेले 'पूर्वसूचना' देण्याचे तत्त्व अशा आधारगटांतून वाढले, हे त्याच्या विरोधकांनी व समर्थकांनीही विसरू नये. ते मतस्वातंत्र्यावरील बंधन म्हणून जन्मले नाही. एका जखमी वाचकाने दुसऱ्या जखमी वाचकासाठी दाखविलेले ते सौजन्य होते.

दुसरा संकेत याहून सूक्ष्म आहे. असह्य शब्द लिहिताना त्यातील स्वराक्षर गाळून त्या जागी तारकाचिन्ह घालण्याची पद्धत अशा समूहांत रूढ झाली. शब्द ओळखता येतो, पण तो पूर्णपणे अंगावर येत नाही. रोमन लिपीत व्यंजने आणि स्वर वेगवेगळे उभे असल्यामुळे हे साधते. लिपीची रचना आणि दुःखाची अभिव्यक्ती यांचा असा थेट संबंध क्वचितच दिसून येतो. याचा विचार पुढे मराठीच्या संदर्भात करावयाचा आहे.

तिसरा संकेत प्रत्युत्तराचा होता. 'तू तेथे का गेलीस?' असा प्रश्न आणि 'आता विसरून जा' असा उपदेश या दोन्ही गोष्टी आधारगटाच्या मर्यादेत बसत नसत. विश्वास ठेवल्याचे सांगणे, दोष सांगणाऱ्याचा नाही हे सांगणे आणि मागितल्याशिवाय सल्ला न देणे, हा वाचकधर्म होता. न्यायालयात साक्षीवर उलटतपासणी होते. येथे साक्षीला सोबत मिळे.

४. टोपणनाव आणि त्याची नाजूक हमी

अशा समूहात लिहिणाऱ्याला एक मोठी अडचण होती. पत्रावर विद्यापीठाचा वा कार्यालयाचा संगणकीय पत्ता, बहुधा खऱ्या नावासह, आपोआप उमटत असे. ज्याने अत्याचार केला तो घरातला वा वर्गातला असेल, तर हा पत्ताच घातक ठरे. या अडचणीवर फिनलंडमधील योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ साली सुरू केलेली 'अनॉन.पेनेट.एफआय' ही सेवा उपयोगी पडली. पत्र तिच्यामार्फत पाठविले की मूळ पत्ता काढून त्या जागी एक क्रमांक घातला जाई, आणि त्या क्रमांकावर आलेले उत्तर मूळ लेखकापर्यंत पोचविले जाई. म्हणजे लेखक निनावी राहूनही संवाद खंडित होत नसे. पाच लाखांहून अधिक जणांनी ही सेवा वापरली. त्यांत नाना हेतूंचे लोक होते. परंतु आधारगटांत लिहिणाऱ्यांना तिचे मोल वेगळेच होते.

टोपणनाव साहित्यात नवे नाही. तथापि साहित्यिक टोपणनाव बहुधा कीर्तीसाठी वा गंमतीसाठी धारण केलेले असते. येथील क्रमांकाला कीर्ती नको होती. त्याला केवळ सातत्य हवे होते : गेल्या आठवड्यात लिहिणारी तीच मी, एवढे ओळखले जावे, आणि त्यापलीकडे काहीही नाही. ओळख आणि नाव यांची ही फारकत सावरण्याच्या प्रक्रियेला पोषक होती. ज्या नावाभोवती घराण्याची अब्रू, जात, गाव आणि शेजार गुंफलेले असतात, त्या नावाला जे बोलता येत नाही, ते क्रमांकाला बोलता येई.

परंतु या हमीचा पाया कच्चा होता. क्रमांक आणि खरे पत्ते यांची एकच यादी सेवाचालकाच्या संगणकावर होती. १९९५ साली एका धर्मसंस्थेच्या तक्रारीवरून फिनिश पोलिसांनी एका वापरकर्त्याचा पत्ता उघड करावयास लावला. ऑगस्ट १९९६ मध्ये न्यायालयानेही तशीच आज्ञा केली, तेव्हा आपण पुढे कोणाचेही रक्षण करू शकणार नाही असे पाहून हेल्सिंगियस यांनी ३० ऑगस्ट १९९६ रोजी सेवाच बंद केली. आधारगटांचा त्या वादाशी सुतराम संबंध नव्हता. तथापि निवारा त्यांचाही गेला. एका व्यक्तीच्या सचोटीवर उभी असलेली गुप्तता कायद्याच्या एका हुकुमाने संपते, हा धडा त्यातून मिळाला. ज्यांत अशी यादीच ठेवली जात नाही, अशा पत्रवाहक योजनांकडे त्यामुळे अधिक लक्ष गेले. न ठेवलेली गोष्ट कोणी मागून नेऊ शकत नाही, हे त्यांचे साधे तत्त्व होते.

५. दूरध्वनीपासून लिखित संवादापर्यंत

१९९४ साली स्कॉट बर्कोविट्झ यांनी अमेरिकेत 'रेन' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. तिच्या दूरध्वनीसेवेत संगणकाचे काम दिसत नसे, पण महत्त्वाचे होते. फोन करणाऱ्याच्या क्रमांकातील पहिल्या सहा अंकांवरून संगणक त्याला जवळच्या स्थानिक केंद्राशी जोडून देई. उत्तर देणारी व्यक्ती त्याच परिसरातली असे. तेथील रुग्णालये, न्यायालये आणि बोलीचे वळण तिला ठाऊक असे. यंत्राने मध्ये न बोलता दोन माणसांची गाठ घालून द्यावी, याचा हा उत्तम नमुना होय.

२००६ साली याच संस्थेने इंटरनेटवरून लिखित संवादाची सेवा सुरू केली. ज्यांना शेजारच्या खोलीतल्या माणसामुळे फोनवर बोलता येत नाही, ज्यांचा कंठ फुटत नाही, किंवा ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना ही सेवा उपयोगी होती. तिच्या रचनेत विसरणे हे तत्त्व म्हणून स्वीकारले गेले : संवाद संपला की त्याची प्रत ठेवावयाची नाही. साहित्याभ्यासक जतनाला पुण्य मानतो. त्याला हे तत्त्व प्रथम विचित्र वाटेल. परंतु जो मजकूर उद्या उलटतपासणीत वकिलाच्या हाती पडू शकतो, तो मोकळेपणाने लिहिला जात नाही. येथे मजकुराचे नष्ट होणे ही त्याच्या जन्माची अट आहे.

६. लेखन हाच उपचार : ॲम्स्टरडॅमचा प्रयोग

आतापर्यंत पाहिलेल्या प्रयत्नांत लेखन हे आधाराचे माध्यम होते. लेखनालाच उपचार मानणारी एक स्वतंत्र परंपराही आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील अत्यंत क्लेशकारक अनुभवावर लिहावयास सांगितले. लिहिताना त्यांना त्रास झाला. परंतु पुढील महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पॅट्रिशिया रेसिक आणि मोनिका श्निके यांनी १९९२ साली लैंगिक अत्याचारातून वाचलेल्यांसाठी मांडलेल्या उपचारपद्धतीतही घटनेचा आपल्या विचारांवर झालेला परिणाम लिहून काढणे, हा एक मुख्य भाग होता.

या परंपरेला संगणकाची जोड दिली ती ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील आल्फ्रेड लांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 'इंटरॅपी' या नावाच्या त्यांच्या उपचाराची नियंत्रित चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. हा उपचार केवळ लैंगिक अत्याचारापुरता नव्हता. निरनिराळ्या आघातांसाठी तो होता. पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी पाऊण तास लिहावयाचे. आरंभीच प्रश्नावलीद्वारा चाळणी होई आणि ज्यांना हा मार्ग धोक्याचा ठरेल त्यांना त्यात घेतले जात नसे. उपचारक आणि लेखक एकमेकांना भेटत नसत. मजकूर आणि त्यावरील लेखी अभिप्राय एवढाच व्यवहार होता.

त्याचे तीन टप्पे निवेदनशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. पहिल्या टप्प्यात घटना प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात, वास, आवाज, स्पर्श यांच्या तपशिलांसह लिहावयाची. शुद्धलेखनाची वा शैलीची पर्वा करावयाची नाही. दुसऱ्या टप्प्यात, हेच ज्या मैत्रिणीवर वा मित्रावर ओढवले आहे अशा कल्पित व्यक्तीला धीराचे पत्र लिहावयाचे. तिसऱ्या टप्प्यात स्वतःला, जवळच्या माणसाला वा अत्याचार करणाऱ्याला उद्देशून एक संयत निरोपपत्र लिहावयाचे; ते पाठविलेच पाहिजे असे नाही. म्हणजे 'मी'कडून 'तू'कडे, आणि वर्तमानकाळाकडून भूतकाळाकडे, असा हा प्रवास आहे. आघाताची स्मृती वर्तमानातच अडकून राहते, ही त्याची मूळ पीडा. तिला प्रथम वर्तमान म्हणून लिहू द्यावे आणि मग व्याकरणाच्या मार्गानेच भूतकाळात नेऊन ठेवावे, अशी ही योजना आहे. दुसरा टप्पा विशेष मार्मिक आहे. जी व्यक्ती स्वतःला क्षमा करू शकत नाही, ती परक्याला सहज क्षमा करते; आणि आपलेच पत्र वाचताना ती क्षमा आपल्यालाही लागू आहे, हे तिच्या ध्यानात येते.

डच भाषेत घडलेली ही पद्धत दुसऱ्या भाषेत चालेल काय? युद्धाने पोळलेल्या अरबी भाषकांसाठी तिचे सांस्कृतिक रूपांतर करण्यात आले आणि त्या अरबी उपचाराच्या चाचणीचे अनुकूल निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. युरोपाबाहेरच्या, लज्जेची कल्पना तीव्र असलेल्या समाजातही असे लेखन शक्य आहे, हे त्यावरून दिसते. तथापि रूपांतर याचा अर्थ केवळ भाषांतर नव्हे.

७. मराठीपुढील प्रश्न

मराठीचा विचार करताना प्रथम एक ऐतिहासिक वस्तुस्थिती मांडली पाहिजे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान होते. परंतु घरोघरच्या संगणकांवर ती सुलभतेने उमटू लागण्यास नवे सहस्रक उजाडावे लागले. तोवर एका टंकात लिहिलेला मराठी मजकूर तोच टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलून जाई. त्यामुळे ज्या वर्षांत हे आधारगट बहरले, त्या वर्षांत मराठी भाषक व्यक्तीला आपली व्यथा इंग्रजीत वा रोमन लिपीतच मांडावी लागली असती. ज्या भाषेत 'गप्प बस' म्हणून दरडावले गेले, त्या भाषेत बोलण्याची सोय या निवाऱ्यात नव्हती.

आता लिपी मिळाली. परंतु भाषेचे प्रश्न लिपीने सुटत नाहीत. त्यांतील चार प्रश्न येथे नोंदविणे इष्ट होईल.

पहिला प्रश्न शब्दांचा. 'अब्रू लुटणे', 'शील भ्रष्ट होणे', 'इज्जत जाणे' या सर्व प्रयोगांत स्त्रीचे काहीतरी गेले असे गृहीत आहे. वृत्तपत्री 'अतिप्रसंग' हा शब्द अपराधाला मर्यादेच्या किरकोळ उल्लंघनाचे रूप देतो, आणि कायद्यातील 'विनयभंग' हा शब्द दुखापत स्त्रीच्या देहाला न मानता तिच्या विनयाला मानतो. 'पीडिता' हा शब्द रूढ झाला आहे, पण तो स्त्रीलिंगी आहे. अत्याचार सोसलेल्या पुरुषाला वा मुलाला त्यात जागा नाही. शिवाय तो व्यक्तीला कायमचे पीडेशी बांधून ठेवतो. सावरून उभी राहिलेली व्यक्ती या अर्थी सहज, बोलभाषेतला शब्द मराठीने अद्याप घडविलेला नाही.

दुसरा प्रश्न वाक्यरचनेचा. 'तिच्यावर बलात्कार झाला' या नेहमीच्या वाक्यात कर्ता नाही. पाऊस होतो, अपघात होतो, तसा बलात्कारही होतो. 'त्याने बलात्कार केला' असे म्हणताच 'ने' हा प्रत्यय लावून कर्ता समोर उभा करावा लागतो. 'झाला' पासून 'केला' पर्यंत येणे हे व्याकरणातले अंतर अल्प दिसते. परंतु दोष स्वतःकडून काढून ज्याचा आहे त्याच्याकडे सोपविणे हे सावरण्याचे मोठे काम त्याच अंतरात सामावले आहे.

तिसरा प्रश्न निनावीपणाचा. इंग्रजीत प्रथमपुरुषी निवेदन लिंग उघड करीत नाही. मराठीत 'मी गप्प राहिले' किंवा 'मी गप्प राहिलो' असे लिहिताच ते उघड होते. वर्तमानकाळातही 'जाते' आणि 'जातो' यांतून सुटका नाही. 'मी सांगितले' यासारख्या मोजक्या रचना आणि 'मी सांगेन' असा भविष्यकाळ यांतच तेवढा आडोसा मिळतो. संबोधनाचीही अशीच गत आहे. समुपदेशिकेला 'ताई' म्हणणे मराठीला स्वाभाविक आहे आणि त्यात आपुलकी आहे. परंतु जिला घरातल्याच नात्याने दगा दिला, तिच्यासाठी नात्याचे संबोधन निवारा ठरेल की धास्ती, हे ऐकणाऱ्याने गृहीत धरू नये. ते सांगणाऱ्याला ठरवू द्यावे.

चौथा प्रश्न लिपीसंकेताचा. रोमन लिपीतील स्वर गाळण्याची युक्ती देवनागरीत चालत नाही. मात्रा काढली की अक्षरात 'अ' उरतो आणि शब्द झाकला न जाता केवळ अशुद्ध दिसतो. मराठीत शब्द झाकण्याची जुनी खूण म्हणजे फुल्या. परंतु फुली अश्लीलतेची, शिवीची खूण आहे. अत्याचाराचा शब्द फुल्यांनी झाकला, तर जखमेवर लाजेचा शिक्का बसेल. तेव्हा उसना संकेत न घेता, कथनाच्या आधी साध्या शब्दांत सूचना देण्याचा मार्गच मराठीला अधिक मानवेल.

मराठीजवळ स्वतःचे काही नाही, असे मात्र नव्हे. पहाटेच्या अंधारात जात्याला ऐकवलेल्या ओव्यांत स्त्रियांनी माहेरची ओढ आणि सासरचा छळ गायिला. जाते उलटून बोलत नाही आणि ओवीवर कोणाची सही नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आज संगणकावर उपलब्ध आहे. लैंगिक अत्याचाराचे कथन आणि ओवी यांना एक मानणे चुकीचे होईल. परंतु निनावी वाणी, न हिणवणारा श्रोता आणि हाताला काम असताना मन मोकळे होणे, ही रचना मराठी स्त्रीला परकी नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. अलीकडच्या काळात, २०१२ साली, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 'आयकॉल' ही दूरध्वनी व ई-पत्राद्वारे समुपदेशन देणारी सेवा सुरू केली. म्हणजे लेखी आधाराची वाट येथेही पडली आहे.

नाव झाकण्याचा कायदाही येथे आठवावा. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन पोलिसांना दोषमुक्त केले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या विधिशिक्षकांनी १९७९ साली त्यावर खुले पत्र लिहिले, आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच सुधारणेने अत्याचारितेची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरविला; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ती तरतूद आहे. तिने मोठे संरक्षण दिले. परंतु कायदा देतो तो निनावीपणा बाहेरून येतो. पत्रसमूहातील निनावीपणा लेखकाने स्वतः धारण केलेला असतो. पहिल्यात नाव झाकले जाते, दुसऱ्यात नाव बाजूला ठेवून बोलले जाते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण पहिल्या प्रकारालाच सद्गुण मानते. मूठ झाकलेली असताना तिच्या मालकिणीला 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' सोसावा लागतो, हे ती सांगत नाही.

८. अभ्यासकाची जबाबदारी

यूजनेटवरील पत्रे काही दिवसांनी वा आठवड्यांनी संगणकांवरून पुसली जात. लिहिणाऱ्यांनी ती त्याच समजुतीने लिहिली होती. परंतु १९९५ पासून 'देजान्यूज' या सेवेने ती साठविण्यास आरंभ केला. २००१ साली गूगलने तो संग्रह घेतला आणि वीस वर्षांची पत्रे सर्वांना शोधता येतील अशी केली. चार समदुःखितांसाठी लिहिलेला शब्द अशा रीतीने अनोळखी जगापुढे कायमचा उघडा पडला. आपले पत्र साठवू नये अशी खूण करण्याची सोय होती, पण ज्याला साठवणुकीची कल्पनाच नव्हती त्याने ती खूण कशी करावी?

साहित्याभ्यासकाला हा संग्रह मोहात पाडणारा आहे. साक्षीवाङ्मयाची इतकी विपुल, इतकी अलंकारमुक्त सामग्री अन्यत्र मिळणे कठीण. परंतु जे उपलब्ध आहे ते सर्व उद्धृत करण्याजोगे आहे, हा नियम येथे लागू होत नाही. निनावी पत्रातील एखादे वाक्यही शोधयंत्रात घातले, तर मूळ पत्रापर्यंत आणि त्यातील खुणांवरून व्यक्तीपर्यंत पोचता येते. म्हणून प्रस्तुत लेखात संकेतांचे, रचनेचे आणि व्यवस्थांचे वर्णन केले आहे. एकाही पत्रातील ओळ दिलेली नाही. या विषयाच्या अभ्यासात अवतरणाचा मोह आवरणे हा पद्धतीचाच भाग मानला पाहिजे.

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष असा सांगता येईल. प्रारंभकाळाच्या संगणकीय आधारात जे हितकारक होते, ते यंत्राच्या चातुर्यातून आले नाही. वाचकाला थांबण्यासाठी सोडलेल्या कोऱ्या ओळी, ओळख न सांगता सातत्य देणारे टोपणनाव, न ठेवलेली यादी, पुसलेला संवाद आणि 'मी'पासून 'तू'पर्यंत नेणारे पत्र, या सर्वांमध्ये एकच तत्त्व आहे : अत्याचाराने ज्या व्यक्तीचा निर्णयाधिकार हिरावून घेतला, तिला निदान तिच्या शब्दांवरचा अधिकार परत मिळावा. आज मानवासारखे उत्तर देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत आणि घरातील एकच फोन अनेकांच्या हातांतून फिरतो आहे. अशा वेळी मराठीत आधाराची कोणतीही नवी योजना पुढे आली, तर तिच्या कौशल्याआधी हा प्रश्न विचारला जावा : लिहिलेला शब्द कोणाजवळ राहतो आणि तो पुसण्याचा अधिकार कोणाला आहे? भाषेचा अभ्यासक या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर देऊ शकणार नाही. परंतु 'झाला' आणि 'केला' यांतील भेद ज्याला कळतो, त्याने या चर्चेतून बाजूला राहणे योग्य होणार नाही.